२५५ ला पळते, २५४ ला बंद

अडथळा दिसला की थांबायचं, डावी-उजवीकडे बघायचं आणि मोकळ्या बाजूला वळायचं, एवढंच काम करणारी चारचाकी गाडी आमच्या डिप्लोमाच्या लॅबमध्ये दरवर्षी कुठला ना कुठला ग्रुप बनवतोच. मी तिथे लॅब असिस्टंट. सबमिशन जवळ आलं की "मॅडम, जरा बघता का" हे दिवसभर कानावर पडतं. बहुतेक वेळा ग्राउंड जोडलेला नसतो, नाहीतर सेल उतरलेले असतात. यंदाच्या एका ग्रुपची तक्रार मात्र वेगळी निघाली. गाडी फुल स्पीडला पळत होती आणि स्पीड कमी करायला गेलं की जागच्या जागी ठप्प. हळू होणं नाही, मोटरचं कण्हणं नाही. थेट बंद.

सामान नेहमीचंच. अर्डुइनो उनो (गाडीचा मेंदू असलेला छोटा बोर्ड), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (त्याच्या इशाऱ्यावर मोटरला करंट देणारा), पिवळ्या गिअर मोटर, दोन १८६५० सेल, आणि पुढे छोट्या सर्व्होवर (सांगितलेल्या कोनात वळणारी मोटर) बसवलेला, अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर. ड्रायव्हरच्या ईएनए आणि ईएनबी (मोटर चालू-बंद करणाऱ्या इनेबल पिना) उनोच्या ९ आणि १० नंबरला, सर्व्होची सिग्नल वायर ४ ला. ९ आणि १० च्या शेजारी बोर्डावर ती नागमोडी खूण छापलेली आहे, म्हणजे पीडब्ल्यूएम (पिन झपाट्याने चालू-बंद करून स्पीड कमी-जास्त करायची सोय) मिळायलाच हवं. उनोवर अशा सहा पिना आहेत: ३, ५, ६, ९, १० आणि ११.

मुलांचा निकाल आधीच लागला होता. "मॅडम, दोन पिना उडाल्यात. नवीन बोर्ड आणतो." मी म्हटलं, थांबा, खिशात हात नंतर घाला.

आधी ड्रायव्हर. एल२९८एनवर ईएनए आणि ईएनबीच्या जागी दोन बारके जंपर बसवलेले येतात. ते जागेवर असले की इनेबल थेट ५ व्होल्टला आणि मोटर कायम फुल, मग कोडमध्ये काहीही लिहा. स्पीड कंट्रोल हवा तर ते काढावे लागतात. मुलांनी ते काढून डबीत जपून ठेवले होते, हे कौतुकाचं. वायर काढून ते जंपर परत लावले, तर चारही चाकं गरगरली. ड्रायव्हर, मोटर आणि सेल या तिघांवरचा संशय तिथेच फिटला.

मग पिन. तिला काहीही न जोडता मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, काळी प्रोब ग्राउंडला, लाल ९ ला. पीडब्ल्यूएमचा सरासरी व्होल्टेज साधा मीटरही दाखवतो. कोडमध्ये त्याचं प्रमाण ० ते २५५ मध्ये अ‍ॅनालॉगराइट ही कमांड ठरवते. अ‍ॅनालॉगराइटला १८० दिले तर १८० भागिले २५५ गुणिले ५, म्हणजे साडेतीन व्होल्टच्या आसपास यायला हवेत. मीटरवर शून्य. १० नंबरलाही शून्य. २५५ दिले तर जवळजवळ पाच. २५४ दिले, परत शून्य.

या आकड्यांपाशी मी बराच वेळ अडकले. पिन खरंच जळली असती तर २५५ लाही तिने पाच व्होल्ट दिले नसते. शिवाय अ‍ॅनालॉगराइटच्या आत बघितलं तर कळतं की ० आणि २५५ या दोन आकड्यांसाठी पीडब्ल्यूएम चालूच होत नाही. ० आला की ते सरळ डिजिटलराइटने पिन लो (शून्य व्होल्ट) करतं, २५५ आला की हाय (पाच व्होल्ट). म्हणजे पिनेचं हाय-लो ठणठणीत होतं. १ ते २५४ साठी जो लहरी तयार करतो तो टायमर, म्हणजे चिपमधला मोजणारा भाग, गप्प होता.

मुलांच्या कोडला हात न लावता नवा स्केच (अर्डुइनोचा प्रोग्राम) उघडला. त्यात फक्त ९ आणि १० वर १८०. मीटर म्हणाला साडेतीन. लॅबमधला जुना सीआरओ (लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला तर दोन्ही पिनांवर सुरेख चौकोनी लहरी, टाइमबेस अर्ध्या मिलिसेकंदावर ठेवला की एक लहर चार घरांची. ४९० हर्ट्झला एवढंच यायला हवं. बोर्ड निर्दोष.

आता मुलांच्या कोडमधल्या ओळी एकेक करून कॉमेंट, म्हणजे तात्पुरत्या बंद, करत गेलो. अल्ट्रासॉनिकचा भाग बंद केला, काही फरक नाही. सिरियल बंद, फरक नाही. सर्व्हो अटॅचची (सर्व्हो पिनेशी जोडणारी) ओळ बंद केली आणि मीटर उठला. परत चालू केली, पडला. ग्रुपमधली एक मुलगी तेव्हा म्हणाली, "मॅडम, मोटर चालू केली की सर्व्होपण दचकतो. आम्हाला वाटलं सेल उतरलेत." ही गोष्ट तिने आधी सांगितली असती तर सीआरओ काढावाच लागला नसता.

उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये तीनच टायमर आहेत आणि सहाही पीडब्ल्यूएम पिना त्यांच्या दोन-दोन अशा वाटणीत. टायमर ० कडे ५ आणि ६, टायमर १ कडे ९ आणि १०, टायमर २ कडे ३ आणि ११. सर्व्होला साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक ते दोन मिलिसेकंदांची पल्स लागते. त्यासाठी सर्व्होची लायब्ररी (आयता मिळणारा कोड) टायमर १ ताब्यात घेते, कारण तिघांत १६ बिटांचा तेवढाच. सर्व्हो तुम्ही ४ ला लावा नाहीतर १३ ला, ९ आणि १० चं पीडब्ल्यूएम जातंच. लायब्ररीच्या माहितीत हे लिहिलेलं आहे, पण सर्व्हो ४ ला लावणारा माणूस ९ बद्दलचं वाक्य कशाला वाचेल?

मुलांना हे तोंडी पटेना, तेव्हा टायमर १ चं कंट्रोल रजिस्टर (त्याची सेटिंग साठवणारा चिपमधला कप्पा), टीसीसीआर१ए, सिरियल मॉनिटरवर छापून दाखवलं. सर्व्होशिवाय, दोन्ही पिनांवर अ‍ॅनालॉगराइट केल्यावर आकडा आला १६१. सर्व्हो अटॅच करून तेच केलं तर १६०. फरक फक्त एकाचा. १२८ आणि ३२ या दोन बिटांनी ९ आणि १० ला टायमरशी जोडलेलं आहे, ते दोन्हीकडे तसंच. हरवलेला १ हा पीडब्ल्यूएम मोडचा बिट. तो नसला की टायमर नुसता मोजत राहतो. ठरलेल्या आकड्याला पोचला की पिन लो करतो आणि परत हाय करतच नाही. म्हणून मीटरवर शून्य. आणि सर्व्होचं दचकणं? ९ वर अ‍ॅनालॉगराइट केलं की नवा आकडा ज्या रजिस्टरात जातो, त्याच रजिस्टरावर सर्व्होची लायब्ररी आपल्या पल्सची वेळ मोजत असते. एकाच डबलबेडवर दोघांनी वेगवेगळ्या वेळेचे गजर लावावेत, तसा प्रकार.

एकाने डोकं चालवलं: बघून झालं की सर्व्हो डिटॅच करायचा, म्हणजे टायमर मोकळा. करून बघितलं. डिटॅचनंतरही १६०. उनोवर ही लायब्ररी टायमर पूर्वस्थितीला आणून ठेवत नाही, मोड आपल्यालाच परत लिहावा लागतो. तेही जमलं असतं, पण प्रत्येक वळणावर अटॅच, डिटॅच, रजिस्टर ही सर्कस कोण करणार? ईएनए आणि ईएनबी सरळ ५ आणि ६ ला हलवल्या. गाडी हळू चालायला लागली, सर्व्होही शांत झाला.

५ आणि ६ ची तऱ्हा थोडी वेगळी. तिथे फ्रिक्वेन्सी ९८० च्या आसपास, आणि मोटर बारीक शिट्टी मारते. ती घालवायला एका मुलाने कुठून तरी टायमर ० चा प्रीस्केलर (टायमरचा वेग किती पट कमी करायचा तो आकडा) ६४ वरून १ करणारी ओळ आणून चिकटवली. शिट्टी गेली खरी, पण गाडी वेड्यासारखी वागायला लागली: थांबते न थांबते तोच निघायची, सर्व्हो मान वळवायच्या आत पुढचं रीडिंग. कारण डिले (थांबायची कमांड) आणि मिलिस (गेलेला वेळ सांगणारी) याच टायमर ० वर चालतात. प्रीस्केलर ६४ पट कमी, तर एका सेकंदाचा डिले जेमतेम १६ मिलिसेकंदांचा. ओळ काढायला लावली. शिट्टी राहू दे, परीक्षक काही गाडीचं गाणं ऐकायला येत नाहीत.

पुढच्या आठवड्यात तोच ग्रुप परत हजर. आता गाडीला आयआर रिमोट जोडला होता आणि ३ नंबरवरचा हेडलाइट मंद होत नव्हता, नुसता लागायचा नाहीतर विझायचा. या वेळी बोर्ड उडाल्याचं कोणी म्हणालं नाही. "मॅडम, ३ म्हणजे टायमर २ ना? मग रिमोटची लायब्ररी तोच घेत असणार." अगदी तसंच होतं. मोटरकडे टायमर ०, सर्व्होकडे १, रिमोटकडे २. मंद करता येईल अशी पिन उनोवर उरलीच नव्हती. हेडलाइट साध्या ७ नंबर पिनेला लावला आणि रिपोर्टमधला "ब्राइटनेस कंट्रोल" हा मुद्दा मुलांनी खोडून टाकला.