माळी सुट्टीच्या दिवशी का आला?

गुरुवार, रात्री

खुब्याचं ऑपरेशन करून सासूबाईंना घरी आणल्यापासून रात्रपाळी माझ्याकडे आहे. त्यांचा डोळा लागेपर्यंत दोन-अडीच वाजतात, तोवर मीही टक्क जागी. या जागरणात माझ्या हातात एकाच जातीची पुस्तकं असतात. इंग्लंडातलं खेडं, एखादी चौकस म्हातारी, तिची बाग आणि त्या बागेच्या आसपास सापडलेलं प्रेत. वर्तमानपत्रातलं गुन्ह्यांचं पान मी हल्ली उघडतही नाही, पोटात ढवळतं. पण इथे खून झाला की मी पाठीशी उशी नीट लावून घेते आणि निवांत पुढे वाचते.

खून होवो नाहीतर दरोडा पडो, वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावायच्या राहत नाहीत, बहुधा त्याचाच मला आधार वाटतो. पोलिसांची गाडी वळली की कुणीतरी कात्री घेऊन गुलाबांकडे जातंच. मेलेल्या माणसासाठी ही मंडळी जरा कमीच रडतात, हे मान्य. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर केकही कापतात. दिवसाउजेडी मला हे खटकलं असतं. पुढच्या गोळीसाठी गजर लावून बसलेल्या बाईला रात्री दोन वाजता ते चालतं.

सगळी पुस्तकं चांगली असतात असंही नाही. शहरातली नोकरी सोडून नर्सरी काढलेली नायिका, तिचं लाडोबा मांजर, मठ्ठ इन्स्पेक्टर, असा एक ठरलेला साचा हल्ली फार चालतो. त्यात बाग नाटकाच्या पडद्यासारखी मागे टांगलेली असते. नर्सरीच्या जागी लोकरीचं दुकान टाकलं तरी कथेचं काही बिघडत नाही. अशी पुस्तकं मी अर्ध्यात सोडते.

अगाथा ख्रिस्तीचं तसं नाही. ‘द थर्टीन प्रॉब्लेम्स’ या 1932 सालच्या संग्रहात सोन्याच्या लगडींची एक गोष्ट आहे. त्यातली चौकस म्हातारी म्हणजे मिस मार्पल, आणि तिचा भाचा रेमंड लेखक आहे. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर आपण प्रत्यक्ष पाहिलेला प्रकार तो मोठ्या रंगात येऊन सांगतो. समुद्र, बुडालेलं जहाज, नाहीसा झालेला यजमान, सगळं तपशीलवार. बागेत काम करणारा माळीही त्या सांगण्यात येऊन जातो. मिस मार्पलचं बोट नेमकं त्या माळ्यावर पडतं. दिवस व्हिट मंडेचा आहे आणि त्या दिवशी कुठलाच माळी कामाला येत नाही. म्हणजे हा माळी नव्हेच.

आज झोप येत नव्हती म्हणून ही गोष्ट सासूबाईंना सांगत होते. व्हिट मंडे म्हणजे काय हे आधी सांगणं भाग पडलं. ईस्टरनंतर सातव्या रविवारी त्यांचा एक सण असतो आणि दुसऱ्या दिवशी सोमवारी तिकडे सगळ्यांना सुट्टी असायची, एवढं सांगून झालं. मी पुढच्या समुद्राकडे वळणार, तोच त्यांनी विचारलं, “मग तो मेला बागेत काय करत होता?”

माझा रहस्यभेद तिथेच आटोपला.

शनिवार

सांध्यांना लावायच्या तेलाची बाटली आज हातात घेतली आणि ब्रदर कॅडफेल आठवला. एलिस पीटर्सच्या कादंबऱ्यांमधला हा बाराव्या शतकातला साधू श्रूजबरीच्या मठात औषधी वनस्पतींची बाग सांभाळतो. ‘मंक्स हूड’ या 1980 च्या कादंबरीत त्यानेच बनवलेलं सांधेदुखीचं तेल चोरून कुणीतरी ते जेवणात घालतं. त्या तेलात जी मुळी आहे ती आपल्या बचनागाचं भावंडच. अंगाला चोळलं तर दुखणं कमी करणारं, पोटात गेलं तर जीव घेणारं. कॅडफेलला खुनी शोधायचा असतोच, पण तेल आपल्या हातचं होतं हा सलही त्याची पाठ सोडत नाही. तो सल मला खुनाहून जास्त भावला.

ख्रिस्तीबाईंनी स्वतः पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या इस्पितळात औषधं तयार करायचं काम केलं होतं. 1920 मधल्या त्यांच्या पहिल्याच कादंबरीतलं विष होतं स्ट्रिक्निन. ते ज्या बियांतून निघतं तो काजरा कोकणात रानोमाळ उभा असतो. सासूबाईंच्या माहेरीही कुंपणापलीकडे होता. बटणांसारख्या चपट्या त्या बियांना पोरांनी हात लावायचा नाही असा दंडक, आणि त्याच झाडाची फळं धनेश मजेत खायचा, असं त्या सांगतात. परसात कण्हेर, उकिरड्याशी धोतरा, कुंपणावर गुंज, पावसाळ्यात कळलावी. इतका दारूगोळा दाराशी असून आपली मंडळी खुनासाठी इंग्लंडला का जातात कोण जाणे. (मंडळी म्हणजे मीच.)

मी लिहायला घेतलेली गुहागरकडची रहस्यकथा दिवाळीपासून अडून बसली आहे. आगरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, एक म्हातारी मरते आणि मुंबईहून एक माणूस येतो. मी तिचा भाचा, याच घरात लहानाचा मोठा झालो, असं तो सांगतो. तो खोटारडा आहे हे उघडकीला कसं आणायचं? मी मोबाइलचं लोकेशन आणलं, आधार कार्ड आणलं, शेजारच्या लॉजचा सीसीटीव्हीसुद्धा आणला. सगळंच रुक्ष. परवाचा तो माळी डोक्यात होता म्हणून आज सरळच विचारलं, “आई, तुमच्याकडे आगरात कुठली गोष्ट कुणी म्हणजे कुणीच करत नसे?”

“दिवे लागल्यावर झाडाला हात लावायची कुणाची छाती नव्हती,” त्या म्हणाल्या. “झाडं झोपतात. कढीलिंब हवा तर उजेडी काढून ठेवायचा. आणि तुळस तर द्वादशीला दिवसासुद्धा तोडायची नाही.”

बस. माझा भाचा तिन्हीसांजेला काढ्यासाठी तुळस खुडून आणतो आणि ते कौतुकाने सगळ्यांना सांगतो. पंचनाम्याला आलेल्या हवालदाराला त्यात काही वावगं दिसत नाही. झाडांना शिपणं करणारी, पाणी घालणारी बाई मात्र हातातली कळशी खाली ठेवते.

सासूबाईंनी लगेच खुसपट काढलं. हल्लीची पोरं हे कुठे पाळतात, खरा भाचाही तोडेल की! बरोबरच आहे. तेव्हा भाचा साठीचा करायला हवा, आणि म्हातारी त्याहून थोरली, नव्वदीकडे झुकलेली. मग वारसा, सातबारा, सगळ्याच तारखा बदलतात. उद्या दुपारी त्या झोपल्या की पहिल्यापासून लिहायला घेणार आहे.

शिवाय म्हातारीला मारलेलं त्यांना पसंत नाही. “तिने काय घोडं मारलंय?” म्हणतात. त्यांनी आपल्या एका चुलत दिरांचं नाव सुचवलं आहे. बांधाचा वाद जुना आहे म्हणे.