पहिल्या धारेचं टेक्नीशियम

आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर ट्रॉम्बेचा, म्हणजे तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा, विषय निघाला की गाडी थेट पोखरणला जाऊन थांबते. १९७४, १९९८, मग भाभांचं विमान आल्प्समध्ये कसं पडलं याच्या शंकाकुशंका, आणि शेवटी चहा. त्यांचं चुकतं असं नाही. १९७४च्या स्फोटाचं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीतलंच होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे येतो तो तिथून निघणारा दुसरा माल: पुण्यातल्या हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी टॅक्सीतून उतरणारा, शिशाच्या भांड्यातला, उचलताना कंबर धरणारा.

मी न्यूक्लिअर मेडिसिनची, म्हणजे किरणोत्सारी औषधं देऊन तपासण्या करणाऱ्या विभागाची, टेक्नॉलॉजिस्ट होते. शिकले परळला. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्रानं १९६३ साली रेडिएशन मेडिसिन सेंटर काढलं, आणि आमच्या धंद्यातली देशभरातली कितीतरी माणसं तिथूनच डिप्लोमा घेऊन बाहेर पडली. सासूबाई नातेवाइकांना 'सून परळला कोर्स करते' एवढंच सांगायच्या. 'रेडिएशन' गाळायच्या. बिचाऱ्यांना वाटायचं, कुणी पाणीसुद्धा घेणार नाही आमच्याकडचं.

आमचं सगळं काम एका मूलद्रव्यावर चालायचं, टेक्नीशियमवर. त्याचा ९९एम हा प्रकार शिरेतून दिला की तो हाडात, मूत्रपिंडात, हृदयाच्या स्नायूत, जिथे पाठवू तिथे जाऊन बसतो आणि बाहेरच्या कॅमेऱ्याला गॅमा किरणांनी आपला पत्ता सांगतो. अर्धायुष्य ६ तास. पेशंटच्या दृष्टीनं हे उत्तम, कारण दुसऱ्या दिवशी अंगात फारसं काही उरत नाही. पण सहा तासांत निम्मं होणारी वस्तू साठवून ठेवायची कशी? म्हणून टेक्नीशियम मागवतच नाहीत. मागवतात त्याची आई, मोलिब्डेनम-९९. तिचं अर्धायुष्य ६६ तास. ती भांड्यात बसून सतत टेक्नीशियम तयार करत राहते आणि आपण रोज सकाळी ते काढून घ्यायचं. जगभर या भांड्याला, म्हणजे जनरेटरला, गाय म्हणतात आणि काढण्याला धार काढणं. आमच्याकडच्या मावशींनाही ते तोंडपाठ होतं: "मॅडम, धार झाली का? पेशंट बसलेत."

आता ट्रॉम्बेची खरी करामत. मोलिब्डेनम-९९ मिळवायचे दोन रस्ते. श्रीमंत देशांचा रस्ता म्हणजे समृद्ध युरेनियम फोडायचं आणि तुकड्यांतून मोलिब्डेनम वेगळं काढायचं. हा माल अगदी दाट. ॲल्युमिनाच्या बोटभर नळीत मावतो, वरून सलाईन सोडलं की खाली टेक्नीशियम. दुसरा रस्ता आपल्याला परवडणारा: साधं मोलिब्डेनम अणुभट्टीत ठेवायचं आणि त्याला न्यूट्रॉन खाऊ द्यायचे. पण त्यातले फार थोडे अणू किरणोत्सारी होतात, बाकीचे नुसतेच गर्दी करतात. एवढं मोलिब्डेनम त्या छोट्या नळीत धरतच नाही. मग ट्रॉम्बेवाल्यांनी नळीचा नाद सोडला आणि द्रावणाची पद्धत रुळवली.

मी नोकरीला लागले तेव्हा तीच चालू होती. शिशाच्या विटांमागे उभं राहायचं. अल्कलीत विरघळलेलं मोलिब्डेनम, त्यात मिथाइल इथाइल कीटोन घालायचं, घुसळायचं, थांबायचं. दोन थर वेगळे होतात. टेक्नीशियम वरच्या थरात चढतं, मोलिब्डेनम खालीच बसून राहतं. वरचा थर काढून घ्यायचा, कीटोन उडवून लावायचं, तळाशी उरलेलं सलाईनमध्ये घ्यायचं, गाळायचं, तपासायचं. मोलिब्डेनम चुकून आलंय का, कीटोनचा अंश राहिलाय का, सामू बरोबर आहे का. नेलपॉलिश रिमूव्हरच्या जवळपास जाणारा तो वास माझ्या साड्यांना यायचा. हे सगळं सकाळी पहिला पेशंट टेबलावर यायच्या आत. परदेशात शिकून आलेले एक डॉक्टर हे बघून म्हणाले होते, "तुम्ही लोक अजून हे हातानं करता?" मी म्हटलं, "तुमची नळी आणून द्या, उद्यापासून नाही करत."

पुढे नळीवाले जनरेटरही आले. बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, आमच्या भाषेत 'ब्रिट', १९८९ साली वेगळं झालं आणि वाशीहून माल येऊ लागला. आपल्या 'पातळ' मोलिब्डेनमसाठी त्यांनी जेलचा जनरेटरही काढला: मोलिब्डेनमचं झिर्कोनियमशी संयुग करून त्याचेच दाणे नळीत भरायचे, म्हणजे धरून ठेवायचा प्रश्नच मिटला. मला हे डोकं फार आवडलं. एक गंमत सांगते, दारूवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये: आमच्यात पहिल्या धारेला मान नसतो. रविवारी गाय तशीच राहिली तर सोमवारच्या धारेत म्हातारं झालेलं, निरुपयोगी टेक्नीशियम जास्त येतं आणि काही औषधं त्याच्याशी नीट जुळत नाहीत. मग एकदा काढून बाजूला ठेवायची, काही तासांनी दुसरी काढायची.

औषधं म्हणजे किट्स. त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहिलेल्या मला दिसल्या नाहीत. छोटी बाटली, तळाशी पांढरी भुकटी. त्यात हाडांसाठी एमडीपी किंवा मूत्रपिंडासाठी डीटीपीए, बरोबर चिमूटभर कथिलाचा क्षार. टेक्नीशियम टोचायचं, हलवायचं, थोडा वेळ थांबायचं. कथिल टेक्नीशियमला वठणीवर आणतं आणि मग ते औषधाला चिकटतं. हृदयाचं एमआयबीआय मात्र उकळत्या पाण्यात ठेवावं लागतं. ही किट्स ट्रॉम्बेच्या रसायनशास्त्रज्ञांनी इथेच तयार केली, म्हणून साध्या हॉस्पिटललाही हाडांचा स्कॅन परवडला. शोधाचं कौतुक सगळेच करतात. पण बाटली उघडली की दर वेळी तेच आणि तसंच घडणं, यामागचं संशोधन कितीतरी किचकट असतं, आणि त्यासाठी पेपरात फोटो येत नाही.

घाटाचं गणितही आमच्या कामाचाच भाग. मोलिब्डेनम तासाला साधारण एक टक्का घटतं, म्हणजे खंडाळ्याला दरड कोसळून टॅक्सी चार-पाच तास अडकली तरी फार बिघडत नाही. पेट स्कॅनचं फ्लोरीन-१८ अडकलं की मात्र रडू येतं. त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटांचं, तीन तासांत तिसरा हिस्सा उरतो. ते अणुभट्टीत नाही, सायक्लोट्रॉनमध्ये बनतं, आणि देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळच्याच आमच्या सेंटरमध्ये बसलं. पावसाळ्यात फ्लोरीनची वाट बघत उपाशीपोटी बसलेले पेशंट आणि ड्रायव्हरला सारखे फोन लावणारे आम्ही.

दुसरी ट्रॉम्बेची वस्तू आयुष्यभर छातीवर वागवली: अंगावर किती किरण पडले ते मोजणारा टीएलडी बॅज. एक्स-रे काढायला गेलात तर तंत्रज्ञाच्या खिशापाशी बघा, प्लास्टिकची चपटी डबी दिसेल. आत डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन टिकल्या असतात. किरण पडले की टिकली ती ऊर्जा धरून ठेवते आणि नंतर तापवली की प्रकाश देऊन हिशेब सांगते. १९७५च्या सुमाराला हे बॅज फिल्मच्या जागी आले. दर तीन महिन्यांनी तपासायला पाठवायचे. एकदा एका तरुण डॉक्टरांचा आकडा एवढा आला की थेट खुलासा मागणारं पत्र. शोध घेतला तर साहेब बॅजसकट कोट इंजेक्शनच्या खोलीत टांगून घरी जायचे. डोस मिळाला होता कोटाला.

२००९ साली कॅनडातली चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी बंद पडली, पुढच्या वर्षी हॉलंडमधली पेटनची, आणि जगभर मोलिब्डेनमची बोंब झाली. 'दाट' माल पाच-सात म्हाताऱ्या अणुभट्ट्यांवर अवलंबून होता, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. आमच्याकडेही तारखा पुढे ढकलाव्या लागल्या, कारण तोवर आयातीची सवय लागली होती. तेव्हा मला ते कीटोनचं घुसळण आठवलं. आपलाही रस्ता पूर्ण बिनधोक नाही म्हणा. सायरस २०१० अखेर कायमची बंद झाली, आणि १९८५ साली सुरू झालेल्या ट्रॉम्बेच्याच ध्रुव अणुभट्टीवर फार भार आहे. २०१८ साली तिथेच नवी अप्सरा अणुभट्टी आली तरी ती २ मेगावॅटची, ध्रुव १०० मेगावॅटची.

आणि मग ल्युटेशियम-१७७ आलं. हे नुसतं चित्र काढत नाही, उपचार करतं. काही विशिष्ट गाठींच्या पेशींवर एक खूण असते. त्या खुणेला जाऊन चिकटणाऱ्या डोटाटेट नावाच्या रेणूवर ल्युटेशियम बसवून सोडायचं, ते गाठीपाशीच मारा करतं. अर्धायुष्य पावणेसात दिवसांच्या आसपास, म्हणजे घाट निवांत चढावा. मोलिब्डेनम न्यूट्रॉन खायला फार कुरकुर करतं, पण ल्युटेशियम-१७६ अधाशासारखं खातं. त्यामुळे जो साधा रस्ता मोलिब्डेनमला अपुरा पडत होता, तोच इथे उत्तम चालला. ध्रुवमध्ये ठेवा, काढा, शुद्ध करा. हातातल्या अणुभट्टीला काय जमेल ते बघून औषध बेतायची सवय ट्रॉम्बेला टंचाईनं लावली, असं माझं मत आहे. कट्ट्यावर मी हे सांगायला लागले की देशपांडे काका म्हणतात, "ते सगळं खरं हो वहिनी, पण बाँब किती आहेत आपल्याकडे?"

निवृत्तीनंतर धाकट्या नणंदेचा हाडांचा स्कॅन होता, तेव्हा बाहेरच्या बाकावर पहिल्यांदा पेशंटच्या बाजूनं बसले. आतल्या मुलीनं तिला सांगितलं, भरपूर पाणी प्या, आज नातवाला मांडीवर घेऊ नका. मी विचारलं, "जनरेटर कधी आला?" ती म्हणाली, "शनिवारी. का हो?" मी म्हटलं, "मग दुसरी धार वापरलीत ना?" ती हसली, "पहिली सातलाच काढून ठेवली मॅडम."