उसाच्या फडात चार्जर कसा शिरणार?

आमच्या निपाणीकडं एकानं उसात ओलावा मोजणारे सेन्सर बसवलेत. सेन्सर बरा चालतोय, मरतीय ती बॅटरी. सोलर लाव की म्हणतात सगळे. तंबाखू असता तर लावला असता, कंबरेएवढं पीक, पण ऊस सात-आठ महिन्यांचा झाला की डोक्यावर जातो, आत ऊनच पडत नाही, मग पॅनेलची काय पूजा करायची? खानापूर-कणकुंबीकडं तर पावसाळ्यात सूर्यच रजेवर.

यावर लोकांनी भारी डोकं लावलंय, वीजच गाडीवर घालून सेन्सरकडं न्यायची, तीही बिनवायरची. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात मरिन सोल्याचिच यांच्या टीमनं दोन मीटरवरनं ६० वॅटचा बल्ब पेटवून दाखवला, दोन्हीकडं तांब्याची कॉइल, दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेल्या, साधारण ४० टक्के वीज पोचली. मग २०११ च्या सुमारास तिथल्याच व्हर्जिनिया टेक विद्यापीठवाल्यांनी गणित मांडलं की चार्जरची गाडी सगळ्यांना भेटून परत डेपोला येत राहिली तर सेन्सरांचं नेटवर्क कायम जिवंत ठेवता येतं, आणि सगळ्यात कमी अंतराचा फेरा तोच बेस्ट.

खरी गंमत चार्जिंगच्या पाळीत आहे. बेस स्टेशन म्हणजे सगळ्यांचा डेटा जिथं गोळा होतो ती जागा, तिच्याजवळचे सेन्सर स्वतःचा डेटा पाठवतातच, वर मागच्यांचाही पुढं ढकलतात, म्हणून आधी तेच मरतात आणि ते मेले की मागचे बॅटरी भरलेली असूनही मुके. म्हणून कालव्याच्या पाण्यासारखी सगळ्यांना सारखी पाळी देऊन भागत नाही, ज्याचा खर्च जास्त त्याच्यापाशी गाडी जास्त वेळ थांबायला पाहिजे.

पण ह्या गणितातलं शिवार मोकळं, सपाट. आमच्या काळ्या रानात जुलैत ट्रॅक्टर रुततो, तिथं ही गाडी कुठनं जाणार! ड्रोन म्हणाल तर वरनं रेडिओ लहरी सोडायच्या, अंतर दुप्पट झालं की पॉवर चौथाई, त्यात ओला पाला लहरी पिऊन टाकणार, आणि ड्रोनची स्वतःचीच बॅटरी अर्धा तास टिकली तर नशीब.

मला विचाराल तर ओलावा मोजणारा प्रोब तेवढा आत सरीत ठेवा, बॅटरी आणि कॉइल बांधावर खांबाला, मध्ये वायर. मोटर चालू करायला जाणारा माणूस मोटारसायकलवरनं चार्जर नेईल, खांबाला अडकवेल, येताना काढून आणेल, रोबोट कशाला लागतोय?

मामांना सांगितलं तर म्हणाले, "वायर टाकणारच हायस तर आधी घुशींना विचारून ये."