डब्यातली अंडी, ट्रेमधली अंडी

डोंबिवलीत आमचं अंड्याचं दुकान आहे, होलसेल पण आणि रिटेल पण. पहाटे तेलंगणातून आलेला माल उतरवायचा, भुर्जीच्या गाड्या आणि बेकरीवाल्यांचे ट्रे पाठवायचे आणि मग दिवसभर काउंटरवर सुटी अंडी. मार्गशीर्ष संपल्यावरचा पहिला रविवार आमच्याकडे कायम धावपळीचा, महिनाभर पाळणारे सगळे एकदम बाहेर पडतात. 2025 ला तो रविवार आला 21 डिसेंबरला, आणि त्या दिवशी जी गर्दी झाली ती नुसती मार्गशीर्षवाल्यांची नव्हती.

झालं होतं असं की एका महागड्या ब्रँडच्या अंड्यांची कुणीतरी लॅबमधून टेस्ट करून घेतली, त्यात नायट्रोफ्युरान नावाच्या अँटिबायोटिकचा अंश निघाला आणि तो व्हिडिओ सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. हे औषध पोल्ट्रीत वापरायला बंदी आहे, ते बरोबरच आहे. पण त्याने कॅन्सर होतो, कॅन्सर होतो एवढंच लोकांनी उचललं. मग एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, शनिवारी, म्हणजे आदल्याच दिवशी, सांगितलं की अंडी खायला सुरक्षित आहेत, किलोमागे 1 मायक्रोग्रॅम ही जी मर्यादा आहे ती लॅबला पकडता यावं म्हणून ठेवलीय, त्याखाली बारीकसा अंश सापडला तर त्याने तब्येतीला धोका होत नाही, आणि एखाद्या सँपलवरून सगळ्या अंड्यांना नावं ठेवू नका. किलो म्हणजे साधारण वीसेक अंडी धरा, त्यात एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पण हे गिऱ्हाइकाला काउंटरवर, पाठीमागे रांग असताना, कसं सांगणार?

तर त्या रविवारी सकाळपासून नवीन चेहरे. नवीन म्हणजे खरं तर जुनेच. पलीकडच्या कॉम्प्लेक्समधल्या एक काकू आल्या, त्या 2021 च्या जानेवारीपर्यंत आमच्याकडून दर आठवड्याला डझनभर न्यायच्या. तेव्हा बर्ड फ्लू आला होता, परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, ठाण्यात बगळे मरून पडले, मुंबईच्या कावळ्यांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले, आणि आठवडाभरात आमचं सुट्या अंड्याचं गिऱ्हाईक आटलं. अंडी सोडली का लोकांनी? नाही हो. फक्त सुटी सोडली, सहा-सहाचे डबे घ्यायला लागले. डब्यावर फार्मचं नाव, तारीख, हिरवं पान छापलेलं, त्यामुळे त्यातल्या कोंबडीला बर्ड फ्लू होत नाही असं काहीतरी डोक्यात बसलं असणार. बरं, सत्तर डिग्रीच्या वर शिजवलं की तो व्हायरस राहत नाही, मग डबा काय आणि ट्रे काय. आमच्या भुर्जीवाल्याची गंमत तर वेगळीच, त्याच्याकडे हाफ फ्राय कोणी मागेना (अर्धकच्ची अंडी खाऊ नका असं सरकारच सांगत होतं) पण उकडलेली जात होती.

तर काकू. म्हणाल्या, "तुमच्या अंड्यांत ते नाही ना हो?"

मी म्हटलं, काकू माझ्याकडे रिपोर्टच नाही, आहे किंवा नाही असं कशावरून सांगू?

"म्हणूनच तर तुमच्याकडे आले, साधी अंडी बरी, त्यात औषधं-बिवषधं नसतात."

आता याला काय म्हणायचं. डब्यावर नाव आहे म्हणून तो डबा उचलून लॅबमध्ये देता आला आणि कोणाचा आहे ते सांगता आलं. माझ्या ट्रेवर कुणाचंच नाव नाही, त्यात चार फार्मचा माल एकत्र असू शकतो, त्याचा व्हिडिओ कोण करणार? नाव नाही म्हणून बोभाटा नाही, आणि बोभाटा नाही म्हणून लोकांना ते शुद्ध वाटतं. मला धंदा मिळाला, तक्रार करायचं कारण नाही, पण हे बरोबर नाही एवढं तर कळतं.

एक जण गावरानच पाहिजे म्हणून अडून बसला. ब्राऊन कवच म्हणजे गावरान नाही, तो कोंबडीच्या जातीचा रंग असतो, आणि पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावरान म्हणून विकणारेही असतात हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहितीय. शिवाय मोकळी फिरणारी कोंबडी बाहेरच्या पक्ष्यांत जास्त मिसळते, म्हणजे बर्ड फ्लूच्या हिशोबाने उलटंच. ऐकून घेतलं त्याने आणि पुढच्या दुकानात गेला.

खरी गोष्ट घडली ती दुपारी. जवळचा एक किराणावाला आला, टेम्पोत डबे घेऊन. ज्या ब्रँडचा बोभाटा झाला तो पण आणि दुसऱ्या दोन-तीन कंपन्यांचे पण, कारण लोक आता डबा दिसला की हातच लावत नव्हते. म्हणाला शेठ, हे फोडून तुमच्या ट्रेत टाका, सुटे जातील, अर्ध्या भावात देतो. काहींच्या कवचावर शाईचा शिक्का होता, तो ओल्या फडक्याने निघतो म्हणे! म्हणजे बघा, सकाळी काकू ज्या अंड्याला घाबरून माझ्याकडे आल्या तेच अंडं संध्याकाळी शिक्का पुसून मी त्यांना "साधं" म्हणून द्यायचं, आणि त्यांनी खुशीत न्यायचं.

मी नाही म्हटलं. त्यात मोठेपणा काही नाही, डबा फाडला की तारीख पण जाते, कुठलं अंडं किती दिवसांचं ते मलाच कळणार नाही, एखादं सडकं निघालं तर शिव्या मला. तो चिडला, म्हणाला तुमचं काय जातंय, रेट एवढा चढलाय. चढला होता खरा, थंडीत चढतोच.

नंतर कळलं की त्याने डबे ब्रेडबरोबर स्कीम लावून संपवले, दोन दिवसांत.

काकू जानेवारीपर्यंत येत होत्या. मग परत दहा मिनिटांत घरी येणारा डबा सुरू झाला त्यांचा, त्यांच्या वॉचमननेच सांगितलं, तो मात्र 2021 ला पण आमच्याकडूनच नेत होता आणि आत्ता पण नेतो, सहा अंडी, कधी काही विचारत नाही, फक्त टिचलेली असली तर स्वस्तात द्या म्हणतो.