‘ग्रो’ला माणूस का चालत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

‘आम्ही केळी ग्रो करतो, कापूस ग्रो करतो, मग पोरं का नाही?’ रावेर-यावलकडून इंग्रजी शिकायला येणारे सगळे हेच विचारतात. भाऊ, एकदाचं लिहून टाकतो.

आपल्याकडे वाढणं वेगळं, वाढवणं वेगळं. (ताटात वाढणं तिसरंच, ते ‘सर्व्ह’.) इंग्रजीत ‘ग्रो’ पहिली दोन्ही कामं एकटाच करतो: ‘बनानाज ग्रो हिअर’, ‘वी ग्रो बनानाज’. भूतकाळ ‘ग्रू’, ‘ग्रोड’ नव्हे. पण आपलं प्रत्येक ‘वाढवणं’ म्हणजे ‘ग्रो’ नाही, चूक होते ती इथेच. पीक, केस, दाढी, नखं चालतात. ‘शी ग्रू थ्री चिल्ड्रन’ वाचलं की बाईनं केळीच्या कांदेबागेत तीन पोरं लावून ड्रिप सोडल्यासारखं वाटतं. तिथे ‘रेझ्ड’ किंवा ‘ब्रॉट अप’. पोरं स्वतः मोठी होतात तेव्हा ‘ग्रू अप’. खोड ‘ग्रो अप’ होत नाही, ते ‘ग्रोज टॉल’. आवाज वाढवायचा तर ‘टर्न अप’. केळीचे भाव वाढले तर ‘रोझ’ किंवा ‘वेंट अप’; मागणी मात्र खुशाल ‘ग्रू’, आणि दहा टक्क्यांनी असेल तर ‘बाय टेन परसेंट’. यातला ‘बाय’ हटकून गळतो. विशेषणापुढे तर या क्रियापदाला वाढीशी देणंघेणंच उरत नाही: ‘ग्रू ओल्ड’, ‘ग्रू डार्क’, अगदी ‘ग्रू स्मॉलर’सुद्धा. म्हणजे वाढत वाढत लहान झालं!

आता अवघड जागेचं दुखणं: ‘ग्रो द बिझनेस’. 1992 च्या अमेरिकी निवडणुकीत क्लिंटन ‘ग्रो द इकॉनॉमी’ म्हणत, तेव्हा भाषेचे पहारेकरी खवळले होते. त्यांच्याच बाजूनं मीही वर्षानुवर्षं लाल शाईनं ‘एक्सपांड’ लिहीत आलो. कारण असं द्यायचो की पीक आतून वाढतं, धंदा वाढवावा लागतो. ऐकायला बरं वाटतं, पण बागायतदारानं तरी केळी कुठे वाढवली? त्यानं खत घातलं, पाणी सोडलं, बुंध्याशी फुटलेली पिलं कापली. वाढली ती केळीच. शिवाय पिकाला कर्म करून ‘ग्रो’ वापरणंही इंग्रजीत तसं अलीकडचं, अठराव्या शतकातलं. त्याआधीच्या एखाद्या मास्तरनं तेही खोडलं असतं. मग धंद्यालाच अडवायचं कशाला? यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. कान अजून खटकतो, एवढंच.

परीक्षेत ‘एक्सपांड’ लिहा. कर्जाच्या अर्जात ‘ग्रो माय डेअरी’ लिहिलंत तर खोडणार नाही. पोरांना मात्र ‘ग्रो’ करू नका.