सोनाराच्या काट्यावर सायकल: १०.८६ वरून ९.५३ किलो

तर मंडळी, जानेवारीपासून जुन्या सायकलचं वजन कमी करायला एकेक पार्ट बदलून राहिलो, काही कार्बन फायबरचे, त्यातला फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, एकदाचा बसला. मागच्या वेळी लिहिलं होतं तेव्हा सायकल संत्र्याच्या कॅरेटच्या वर उलटी टांगलेली होती आणि घरचे रोज विचारत होते की हे सामान आंबिया बहाराची तोड सुरू व्हायच्या आधी हलणार का नंतर. हललं. आज सकाळी पूर्ण सायकल तोलली, पॅडल, दोन बाटल्यांचे केज, सगळं धरून ९.५३ किलो. जानेवारीत सुरुवात केली तेव्हा १०.८६ होती. अॅल्युमिनियमची फ्रेम, ८ स्पीड क्लॅरिस (शिमानोचे साधे गिअर), सेकंडहँड घेतलेली. यूसीआयवाल्यांचा, म्हणजे सायकल रेसच्या जागतिक संघटनेचा, रेससाठी ६.८ किलोच्या खाली जायचं नाही असा नियम आहे, तो आपल्याकडून तुटायची काही भीती नाही.

तोलायची गोष्ट आधी सांगतो. किराणा दुकानातला काटा पाच-दहा ग्रॅमच्या खाली बोलत नाही म्हणून मी चांदूर बाजारला एका सोनाराकडे पार्ट घेऊन जातो. पहिल्यांदा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, ठेवली काट्यावर तर काका म्हणे, "काऊन गा, सायकलले सोन्याचा भाव आला का?" जाहिरातीत लिहिलेलं १८५ ग्रॅम, काट्यावर २०४. फोर्क जाहिरातीत ३८०, काट्यावर ४१२. स्वस्तातल्या कार्बनची ही रीतच आहे, लिहिलेल्यापेक्षा थोडं जास्तच भरते, कमी भरलेलं अजून एकही पार्ट मला भेटलं नाही. आणि ते मोठ्या अक्षरात टी-७००, टी-१००० छापलेलं असते ना, त्याच्यावर जाऊ नका. ते जपानच्या टोरे कंपनीच्या धाग्याच्या ग्रेडचं नाव आहे, पण धागा चांगला असला तरी त्याचे थर कोणत्या दिशेनं किती घातले, धागे चिकटवणारी राळ नीट भरली का आत पोकळी राहिली, हे त्या स्टिकरवर लिहिलेलं नसते.

फोर्कची गंमत अशी की २०२० च्या नोव्हेंबरात अलीएक्सप्रेसवर आपल्याकडे बंदी आली तेव्हापासून असं सामान सरळ मागवता येत नाही, म्हणून दुबईवरून येणाऱ्या मित्राच्या बॅगेत, त्याच्या कपड्यात गुंडाळून आला. स्टिअरर, म्हणजे फोर्कची हँडलकडे वर जाणारी नळी, २८.६ मिलिमीटर जाड, लांबच लांब, तो कापणं आलं. इथं माझी सगळ्यात जास्त फाटली होती, कारण जास्त कापला गेला तर फोर्क गेला समजा. जुना स्टेम (हँडल धरणारा तुकडा) घट्ट करून त्याच्या कडेची गाइड केली, हॅकसॉला इंचाला ३२ दातांचं बारीक ब्लेड लावलं, तोंडाला मास्क, आणि भाऊ पाण्याची धार सोडत होता म्हणजे भुकटी उडणार नाही. ती काळी भुकटी छातीत जाऊ देऊ नका, हातालाही खाजते. वरचा स्पेसर (नळीवर चढवायची रिंग) धरून त्याच्या ३ मिलिमीटर खाली कापला, आणि स्टेमच्या वर एक स्पेसर मुद्दाम ठेवला, उद्या हँडल वर घ्यावंसं वाटलं तर. कापलेला तुकडा २४ ग्रॅम भरला. पण हे लोक सांगत नाहीत की कार्बन स्टिअररमध्ये लोखंडाचा स्टार नट (वरचा बोल्ट ज्याच्यात बसतो तो) ठोकता येत नाही, आतून फाकणारा एक्सपांडर प्लग लागतो आणि तो ४२ ग्रॅमचा. म्हणजे कापून जे वाचवलं त्याच्यावर अजून १८ ग्रॅम घरात परत आले. तरी जुना अॅल्युमिनियमचा फोर्क नटासकट ७६० होता, नवीन सगळं मिळून ४३०. ह्या एकाच पार्टनं रस्त्यावर फरक कळला, हातात येणारी झिणझिणी कमी झाली.

सीटपोस्टच्या बाबतीत मी आधी मूर्खपणा केला तो पण लिहून टाकतो. अॅल्युमिनियमच्या पोस्टला लावतात तसं ग्रीस लावून बसवली. चिखलदऱ्याच्या वाटेवर धामणगाव गढीच्या पुढं चढ लागला तेव्हा मला वाटे आज पाय का असे भरून राहिले, खाली उतरून बघतो तर सीट दीड सेंटीमीटर खाली बसलेली! मग गावातल्या दुकानात नेली तर त्यानं नेहमीच्या सवयीनं अॅलन की करकचून फिरवली आणि "टिक्" असा आवाज आला. तेवढा आवाज पुरे झाला, ती पोस्ट आता भिंतीवर टांगलेली आहे. अॅल्युमिनियम दाबलं तर आधी वाकते, खोक पडते, दिसते तरी. कार्बनला बाजूनं आवळलेलं सहन होत नाही, आत तडा जातो आणि वरून पेंट जसाच्या तसा, आणि मग एखाद्या दिवशी खड्ड्यात एकदम जाते. दुसरी पोस्ट कार्बन पेस्ट लावून बसवली, त्यात बारीक कण असतात, ते दोन्ही भाग धरून ठेवतात म्हणून कमी आवळून भागते. टॉर्क रेंचवर, म्हणजे किती आवळलं ते दाखवणाऱ्या पान्यावर, ५ न्यूटन मीटर, त्याच्यावर एक टिचकी पण नाही. रेंच घ्या बाप्पा, दुसरी पोस्ट घ्यायचे पैसे त्यात वाचतात.

अजून एक, आपल्या फ्रेम अॅल्युमिनियमच्या. कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकाला लागून असले आणि मधात घाम किंवा पावसाचं पाणी गेलं की अॅल्युमिनियम गंजते आणि पोस्ट आत चिकटून बसते. पावसाळ्यात मी दर महिन्याला काढून पुसली. कंटाळा येतो, पण करवतीनं पोस्ट कापून काढायची वेळ आलेला माणूस मी पाह्यला आहे.

आता चाकं. मला सगळे विचारतात की ५० मिलिमीटर उंचीचे कार्बन रिम का नाही घेतले, दिसतात तर भारी. माझे रिम ब्रेक आहेत, म्हणजे ब्रेकचं रबर रिमलाच घासते, आणि चिखलदऱ्यावरून खाली यायचं म्हणजे वळणावर वळण, ब्रेक सोडायला जागाच नाही. कार्बन रिमवर रबर घासत राहिलं की उष्णता निघायला वाट भेटत नाही, राळ मऊ पडते, रिमची कड फाकते. त्यात स्वस्तातला रिम आणि मे महिन्यातलं आपलं ऊन. नागपूरहून सेकंडहँड अॅल्युमिनियमचा सेट घेतला, ११ हजार, जुना जोड २२४० ग्रॅम होता, हा १६८०. म्हणजे सगळ्यात जास्त वजन, ५६० ग्रॅम, कार्बन नसलेल्या पार्टनं कमी केलं. स्वस्तातल्या कार्बनवर भरवसा नाही म्हणून बिननावाचं कार्बन हँडल पण घेतलं नाही. पोस्ट तुटली तर माणूस उभं राहून घरी येते, हँडल तुटलं तर तोंडावरच.

टायर फोल्डिंगवाले, म्हणजे घडी होणारे, घेतले, दोन्ही मिळून २४० ग्रॅम कमी. मग हुरूप आला आणि टीपीयू ट्यूब (रबराऐवजी पातळ प्लास्टिकच्या) टाकल्या, एक फक्त ३८ ग्रॅमची, साधी १२५ ची. आठ दिवस हवेत होतो. नवव्या दिवशी शेतकऱ्यानं धुऱ्यावरची बाभूळ छाटून डांबरी रस्त्यावरून ओढत नेली होती, त्याच रस्त्यावर मी, दोन्ही चाकं खलास. टीपीयूला साधा पॅच चिकटत नाही, त्याचा वेगळा येतो, तो माझ्याकडं एकच होता. चार किलोमीटर सायकल हातात धरून आलो आणि भेटणारा प्रत्येक जण, "काय झालं भाऊ, सायकल थकली का?" आता चाकात साधी रबरी ट्यूब आणि सीटखालच्या पिशवीत टीपीयू स्पेअर म्हणून. आपल्याकडं बाभूळ आहे, सराटे आहेत, इथं हेच बरं.

पूर्ण कार्बन सॅडल (सीट) पण घेतली होती, १२८ ग्रॅम. ६० किलोमीटरनंतर काय होते ते लिहीत नाही. आता २१८ वाली आहे, जुनी ३४५ होती. आणि मागं ११-३२ ची कॅसेट (मागच्या गिअरच्या चकत्या, ११ ते ३२ दातांच्या) टाकली, तिचं वजन उलटं ४० ग्रॅम वाढलं, पण ह्या सगळ्यात घाटावर मनापासून आवडलेली वस्तू तीच.

फायद्याचा हिशोब बोटावर केला. धामणगाव गढीपासून वर माझं जीपीएस सातशे मीटरच्या आसपास चढ दाखवते. एक किलो सातशे मीटर उचलायला ६८६० ज्यूल लागतात, माझे पाय तासभर १६० वॅट देतात, म्हणजे किलोमागं ४३ सेकंद. १.३३ किलोचे ५७ सेकंद झाले. जानेवारीत १ तास २५ मिनिटं लागली होती, परवा १ तास १९. बाकीची पाच मिनिटं कुठून आली? मी ७८ चा ७४ किलो झालो त्याची तीन, उरलेली पायाची आणि गाळलेल्या घामाची म्हणा, किंवा त्या दिवशी वारा पाठीवर होता म्हणा.

काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी फोर्कची किंमत विचारली, साडेसहा हजार, किती कमी झाले, ३३० ग्रॅम. कॅल्क्युलेटर ओढून घेतला आणि म्हणे, "ग्रॅमले वीस रुपये देऊन राह्यला तू, अन् ते बी वजन कमी झाल्याचे! आमच्याइथं लोकं वाढल्याचे देतेत." पोस्टचा हिशोब मी त्यांना सांगितलाच नाही. धड असलेली धरली तर ग्रॅममागं बारा रुपये पडतात, भिंतीवरची पण धरली तर चोवीस.

क्रँकला (पॅडलच्या दांड्यांना) अजून हात लावला नाही. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्याच्यावर फिरते ते बेअरिंग, कुरकुर करून राहिलं, ते आधी. तोड संपली की उघडतो, तोपर्यंत कॅरेट पाहिजेत घरच्यांना.