थेम्सकाठची दिवेलागण : चौथा हिवाळा

हिवाळ्यात पायी गाठायच्या पबांची माझी एक यादी आहे, तीत ४० पब आहेत. केंबलजवळ थेम्स उगम पावते तिथपासून लंडनच्या वॉपिंगपर्यंत. काही अगदी पाण्याला टेकलेले, काही काठापासून तासाभराच्या चालीवरचे. गेल्या तीन हिवाळ्यांत १९ झाले होते, २०२४ च्या डिसेंबरात आणखी पाच झाले. एक शनिवार वादळाने खाल्ला आणि एका दारावरून परत फिरावं लागलं. ज्यांनी अशाच याद्या धरल्या आहेत त्यांच्यासाठी ही नोंद.

नियम तेच. पायी जायचं, पाच किलोमीटर तरी. आत गेल्यावर एकच हाफ पाइंट, हँडपंपवरची रिअल एल, म्हणजे पिंपातच मुरणारी पारंपरिक बिअर. वहीत लिहिल्याशिवाय उठायचं नाही. चौथा नियम दुसऱ्या हिवाळ्यात आला: जमेल तिथे दिवेलागणीला पबात असायचं. इथे डिसेंबरात सूर्य चारच्या आतच मावळतो. जेवायला आलेली माणसं तीनपर्यंत पांगतात, संध्याकाळची अजून यायची असतात, आणि मधल्या त्या तासात कुणीतरी येऊन फायरप्लेसमध्ये नवा ओंडका सरकवतं, खिडकीतले दिवे लावतं. गुहागरला आजी राख घेऊन कंदिलाची काच पुसायला बसायची, तीच ही वेळ. पबचं खरं रूप मला त्याच तासात दिसतं. नाताळची आरास आणि टर्कीचं जेवण यासाठी जाणाऱ्यांनी जरूर जावं. माझी यादी त्या तासासाठी आहे.

या वर्षी बाबा आले होते. वय ७४, पाय अजून समुद्रावर चालायला सवकलेले. ते पीत नाहीत. पण तिसऱ्या पबपर्यंत वहीत माझ्याआधी तेच लिहायला लागले.

१ डिसेंबर, रविवार. द बेल, ऑल्डवर्थ.

रेडिंगहून गाडीने गोरिंग-स्ट्रीटली. पूल ओलांडला तेव्हा नदी बंधाऱ्यावरून गढूळ आणि रागावल्यासारखी वाहत होती. आठवड्यापूर्वीच बर्ट वादळ येऊन गेलेलं. हिवाळ्यात काठाची वाट धरण्याआधी पर्यावरण खात्याच्या संकेतस्थळावर पाण्याची पातळी बघायची, हे नव्यांनी पक्कं लक्षात ठेवावं. लॉकवर (होड्यांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दरवाज्यांवर) लाल पाटी लागलेली असेल तर ती होड्यांसाठी असते, पण चालणाऱ्यांनीही तिचा अर्थ घ्यावा: पुढचं कुरण बहुधा पाण्याखाली आहे. आमची वाट डोंगरावरची होती म्हणून चिंता नव्हती. रिजवेच्या जुन्या वाटेने चढत सव्वा तासात गावात.

बेलबद्दल किती लिहू? एकाच घराण्याकडे अडीचशे वर्षांहून जास्त काळ हा पब आहे. रिअल एलसाठी १९७१ पासून झटणाऱ्या ‘कॅमरा’ने त्याला दोनदा देशातला सर्वोत्तम पब ठरवलं, १९९० मध्ये आणि २०१९ मध्ये. आत बार नाहीच. काचेच्या तावदानांची एक खिडकी आहे, ती सरकते आणि पेला बाहेर येतो. अगदी आपल्या जुन्या पोस्टातल्या खिडकीसारखं. भिंतीवर घड्याळ, त्याला एकच काटा. मिनिटं मोजायची सोयच नाही. बाबा त्या काट्याकडे बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “अगो, आपल्याकडे देवळात घटिका मोजायचे, तेव्हाही मिनिट कुणाला लागत नव्हतं.” खायला फुगीर गरम पाव, आत चीज नाहीतर हॅम. एवढंच, आणि पुरेसं.

पण बेल दुपारी तीनला बंद होतो. म्हणजे माझ्या यादीतला सगळ्यात लाडका पब माझ्याच नियमात बसत नाही. मी वेळ बदलून बघायचा विचार केला होता, मग सोडून दिला. तीनला बाहेर पडलो. शेजारच्या सेंट मेरी चर्चमध्ये दे ला बेश घराण्यातल्या माणसांचे नऊ दगडी पुतळे आहेत, माणसाहून मोठे, काही पार झिजलेले. ते बघून उतरायला लागलो आणि दिवेलागण वाटेतच गाठली. स्ट्रीटलीच्या टेकडीवरून खाली गोरिंगच्या खिडक्या एकेक करून उजळत होत्या, मध्ये नदीची काळी पट्टी. वहीत बेलच्या पानावर ‘दिवेलागण : टेकडीवर’ असं लिहिलं आहे. ते असंच राहू दे.

७ डिसेंबर, शनिवार. हुकला.

डाराह वादळ. घरी बसून नकाशे आखले.

१५ डिसेंबर, रविवार. द व्हाइट क्रॉस, रिचमंड.

आदल्या दिवशी दत्तजयंती झालेली, म्हणजे पौर्णिमा. हे मी मुद्दाम जुळवलं होतं. समुद्राची भरती थेम्समधून टेडिंग्टनपर्यंत चढते, आणि उधाणाच्या दिवशी रिचमंडला नदी रस्त्यावर येते. व्हाइट क्रॉस बरोबर त्या उतारावर आहे. दाराला पायऱ्या आहेत त्या उगीच नाहीत.

सकाळीच क्यू ब्रिजपासून काठाने चालत निघालो, कारण ही वाटही भरतीत बुडते. एकच्या सुमारास आत शिरून टेबल धरलं. इथे एक फायरप्लेस खिडकीच्या खाली आहे. वर धुरांडं हवं तिथे काच, आणि काचेतून नदी. धूर भिंतीतून बाजूने फिरवून नेला आहे. खाली निखारे, वर पाणी, दोन्ही एकाच चौकटीत. बाबांनी खुर्ची तिथेच ओढली. त्यांच्यासाठी दालचिनी-लवंग घातलेला गरम सफरचंदाचा रस घेतला, माझ्यासाठी हाफ पाइंट.

पाणी चढायला लागलं ते आवाज न करता. आधी उताराचा दगड ओला झाला, मग रस्त्याच्या कडेचा बाक पाण्यात उभा राहिला, मग दोन बदकं जिथून आम्ही चालत आलो होतो तिथून पोहत गेली. अडीचला रस्त्यावर घोट्याएवढं पाणी. पबातल्या कुणाला त्याचं काही नव्हतं. एक बाई कुत्र्याला टॉवेलने पुसत होती, पोरं पत्ते खेळत होती. बाबा मात्र उभे राहिले. “ही उधाणाची भरती. भांगाची असती तर पायरीपण भिजली नसती.” (भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती.) मग बराच वेळ ते मला गुहागरच्या खाडीतलं पाणी सांगत होते, कुठल्या तिथीला कुठल्या खडकापर्यंत येतं ते. मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. वीस वर्षं इंग्लंडात राहून मी भरतीचं वेळापत्रक फोनवर बघते. त्यांना ते तिथीवरून तोंडपाठ होतं.

चारला पाणी उतरलं, रस्त्यावर गाळाची पातळ साय राहिली, पलीकडे पुलावरचे दिवे लागले. आजवरच्या २४ मधली ही सगळ्यात उत्तम दिवेलागण. जाणार असाल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचा दिवस धरा, रिचमंडची भरतीची वेळ बघा (लंडन ब्रिजनंतर साधारण तासाभराने येते) आणि गमबूट न्या. माझे चामडी बूट दोन दिवस रेडिएटरखाली होते.

२१ डिसेंबर, शनिवार. द पर्च आणि द ट्राउट, ऑक्सफर्ड.

वर्षातला सगळ्यात लहान दिवस. स्टेशनवरून काठाने उत्तरेला. उजवीकडे पोर्ट मेडो हे मोठं कुरण, हिवाळ्यात तिचं तळं होतं आणि त्यावर हजारोंनी पाखरं उतरतात. बिन्झीचा पर्च झाडांत दडलेला आहे, गवताने शाकारलेलं छप्पर. २००७ मध्ये ते जळालं होतं, आता पुन्हा नीट शाकारलेलं आहे. आत गर्दी इतकी की भिंतीला टेकून उभ्यानेच घेतलं. नाताळाआधीचा शनिवार, ऑफिसांच्या पार्ट्या, डोक्यावर कागदी मुकुट. चूक माझी, या शनिवारी पर्चला जायला नको होतं. पुन्हा जानेवारीत जाईन.

ट्राउट तिथून पुढे, गॉडस्टोच्या पडक्या मठापलीकडे. उन्हाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते. अंगणाशेजारी नदी बंधाऱ्यावरून कोसळते, त्यामुळे बाहेर बोलायचं तर ओरडावं लागतं. दार लावलं की तोच आवाज लांब, घोंगडीखालून आल्यासारखा. दगडी फरशी, तुळया, जळत्या लाकडाचा वास. चारला पाच मिनिटं असताना सूर्य गेला. आम्ही खिडकीशी होतो. तेव्हा पाणी राखाडी होतं, दिवा लागल्यावर ते काचेत दिसेनासं झालं आणि फक्त आवाज राहिला.

इथे शाकाहारी मंडळींसाठी दोन गोष्टी, कारण दर वर्षी कुणीतरी विचारतं. नाताळच्या पुडिंगमध्ये आणि मिन्स पायमध्ये (सुक्या मेव्याचं सारण भरलेल्या छोट्या पेस्ट्रीत) परंपरेने गाईची चरबी असते, सुएट म्हणतात. शाकाहारी सुएटही सर्रास वापरतात, पण विचारून घ्या. दुसरं, कास्कमधली (पिंपातली) एल नितळ करायला अनेक ठिकाणी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेलं आयसिंग्लास वापरतात. ज्यांना चालत नाही त्यांनी ‘अनफाइन्ड’ आहे का असं विचारावं. बारवरच्या माणसाला हा प्रश्न नवा नसतो.

२५ डिसेंबर, बुधवार.

नाताळच्या दिवशी रेल्वे बंद असते, म्हणून घरून निघून जेवढं चालता येईल तेवढंच. रेडिंगहून काठाने सॉनिंगच्या दिशेला. खेड्यांतले बरेच पब या दिवशी दुपारी दोन-तीन तास उघडतात, शेजारीपाजारी एक पेला घेऊन घरी जेवायला जातात. त्या भरवशावर मी एका पबला गेले. संकेतस्थळावर बारा ते दोन लिहिलं होतं. दारावर कागद: फक्त जेवणाचं बुकिंग असलेल्यांसाठी. काचेतून फायरप्लेस दिसत होती. बाबांना थंडी वाजत होती आणि मला फार वाईट वाटलं. आधी फोन केला असता तर हे टळलं असतं, तुम्ही करा.

सॉनिंग लॉकच्या बाकावर थर्मासमधला चहा आणि घरचे शेव-चिवडा. एक जोडपं कुत्रं घेऊन चाललं होतं, थांबून ‘मेरी ख्रिसमस’ म्हणालं. बाबांनी त्यांच्यापुढे चिवड्याचा डबा धरला, त्यांनी घेतला.

२८ डिसेंबर, शनिवार. द प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी, वॉपिंग.

दोन दिवस धुकं, विमानं अडकलेली. वॉटर्लूहून दक्षिण काठाने चालत टॉवर ब्रिज ओलांडला तेव्हा पुलाचे मनोरे वरून गायब. वॉपिंगच्या गल्लीत वखारींच्या भिंती दोन्हीकडून.

प्रॉस्पेक्टची सुरुवात १५२० च्या सुमाराची सांगतात. फरशा घासून गुळगुळीत झालेल्या, आणि बारचा पृष्ठभाग जस्तासारख्या दिसणाऱ्या प्यूटर या कथलाच्या मिश्रधातूचा, खाली पिंपांवर टेकवलेला. हात ठेवला की आधी थंड लागतो, मग थोड्या वेळात हाताएवढाच कोमट होतो. त्यावर पेल्यांच्या तळाचे गोल एकात एक उमटलेले. बाहेर पाण्यावर एक फास टांगलेला आहे. या भागात एक्झिक्यूशन डॉक होता, चाच्यांना तिथे फाशी देत. कॅप्टन किडला १७०१ मध्ये इथेच दिली. त्याआधी १६९७ मध्ये तो कारवारला येऊन गेला होता, आणि पुढच्या जानेवारीत मलबारच्या किनाऱ्यापलीकडे त्याने ‘क्वेदा मर्चंट’ हे जहाज धरलं, सुरतेकडे निघालेलं. त्याच जहाजाच्या लुटीने त्याला फासापर्यंत आणलं. बाबांनी हे दोनदा सांगायला लावलं.

चारच्या सुमारास पाणी बरंच उतरलं होतं. पबला लागूनच पेलिकन स्टेअर्स आहेत, शेवाळलेल्या दगडी पायऱ्या. दोरी नाही, कठडा नाही, सांभाळून उतरलो. खाली रेव, विटांचे तुकडे, जुन्या मातीच्या चिलमींच्या दांड्या, आणि शिंपल्याच शिंपल्या. बाबांनी एक उचलली, अंगठ्याने आतला चिखल पुसला. “कालव. हे लोकपण कालवं खायचे?” एके काळी लंडनच्या गरिबांचं जेवणच होतं ते, मी सांगितलं. परवान्याशिवाय इथून काही न्यायची परवानगी नाही, म्हणून त्यांनी ती पुन्हा रेवेत ठेवली, पालथी, जशी होती तशी.

मागे वळलो तर धुक्यात इमारत नव्हतीच, फक्त खिडक्यांचे पिवळे चौकोन पाण्यावर लटकलेले. आम्ही वर जाऊन फायरप्लेसजवळ बसलो. वहीतलं हे पान बाबांच्या अक्षरात आहे: ‘ओहोटी. धुके. कालवे. दिवे ३.५५ ला लागले.’

पुढचा : द बाउंटी, कॉक मार्श. रस्ता जात नाही, बोर्न एंडचा रेल्वेपूल ओलांडून पायी किंवा होडीने. हिवाळ्यातल्या वेळा फोन करून विचारायच्या. कुरणातलं पाणी ओसरलं तर १२ जानेवारी. बाबांचं परतीचं तिकीट १५ चं आहे.